आधी पायऱ्या मोजा, मग समुद्र पाहा
इस्किया बेटावर ज्येष्ठांसह सुट्टीचे घर निवडताना

गेल्या वर्षी मार्च महिन्यातील एका सायंकाळी बाई दवाखान्यात एकट्याच आल्या. बाई म्हणजे आमच्या गावातील शाळेच्या निवृत्त शिक्षिका, वय ७६. एरवी त्यांच्यासोबत त्यांचे यजमान अण्णा असतातच. त्या दिवशी नव्हते. रक्तदाब मोजून झाला, साखरेचा अहवाल पाहून झाला, तरी बाई उठेनात. शेवटी म्हणाल्या, "डॉक्टर, मला एक चिठ्ठी हवी आहे. परदेशप्रवास झेपणार नाही, असे लिहून द्या."

हकीकत अशी होती. जूनमध्ये अण्णांच्या सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा होता. जर्मनीत स्थायिक झालेल्या मुलाने तो इटलीतील इस्किया बेटावर करायचे योजले होते. मुलगा, सून, पुण्याची मुलगी, जावई, दोन नातवंडे आणि हे दोघे अशी आठ माणसे, एक आठवडा, आणि स्वतःचा गरम झऱ्याच्या पाण्याचा तलाव असलेला एक आलिशान बंगला. आईच्या गुडघ्यांना आराम पडेल, हा त्यामागचा खास विचार. "तो हौसेने करतो आहे. मी नाही म्हटले तर त्याला लागेल. तुम्ही नाही म्हटलेत तर नाही लागणार," बाई म्हणाल्या.

मी लेखणी उचललीही होती. अशा चिठ्ठ्या देणे आम्हा डॉक्टरांना सोपे असते. 'नाही' म्हणणाऱ्यावर पुढे कसलीच जबाबदारी येत नाही. पण सहज विचारले, "बाई, भीती कशाची वाटते? विमानाची?" त्यांनी पिशवीतून टॅब काढून बंगल्याची छायाचित्रे माझ्यापुढे ठेवली. लिंबाच्या झाडांमधून खाली तलावाकडे उतरत जाणारा पांढरा दगडी जिना, आणि त्याखाली निळा समुद्र. "विमानाची नाही हो. हा जिना बघा. मी वरच बसून राहणार. मग माझ्यासोबत कोणीतरी एक जण बसणार. रोज त्यांच्यात पाळ्या लागणार. आठ माणसांची सुट्टी माझ्या गुडघ्यांपायी बसूनच जायची."

मी लेखणी खाली ठेवली. बाई प्रवासाला असमर्थ नव्हत्या. त्यांच्यासाठी निवडलेले घर चुकीचे होते.

वाचकहो, मुले परदेशी असलेल्या अनेक घरांत आता अशी निमंत्रणे येतात. घर निवडणारा पंचेचाळिशीचा असतो आणि त्यात वावरणारे ऐंशीच्या घरात. हा लेख दोघांसाठीही आहे. उदाहरण मी इस्कियाचेच घेतो. कारण त्या बेटाचे आकर्षण आणि तेथील धोका ही दोन्ही एकाच जमिनीतून वर येतात.

बेट आणि त्याचे पाणी

नेपल्सच्या आखातातील इस्किया हे सुमारे ४६ चौरस किलोमीटरचे, ज्वालामुखीतून घडलेले बेट आहे. मध्यभागी ७८९ मीटर उंचीचा एपोमेओ डोंगर. त्याच्या उतारांवर द्राक्षमळे, आणि पायथ्याशी सहा नगरपालिकांत वाटलेली वस्ती. येथील शेवटचा उद्रेक १३०२ मध्ये झाला. परंतु भूगर्भातील उष्णता अजून जिवंत आहे. पावसाचे आणि समुद्राचे पाणी खोल झिरपते, तापते, खनिजे विरघळवून घेते आणि असंख्य झऱ्यांतून वर येते.

बाईंना हे समजावताना त्यांना आपले गणेशपुरी-वज्रेश्वरी आठवले. लहानपणी वडिलांचा हात धरून त्या तेथील कुंडात उतरल्या होत्या. तुलना योग्यच आहे, पण एक भेद ध्यानात घ्यावा. आपल्या कोकणातील उन्हाळ्यांच्या खाली जागृत ज्वालामुखी नाही. तेथे पाणी खडकांतील भेगांमधून खोल जाऊन तापते. इस्कियाच्या खाली मात्र ज्वालामुखीची धग आहे. म्हणूनच तेथे पाण्याबरोबर वाफ निघते, जमीन हादरते आणि काही ठिकाणी किनाऱ्यावरची वाळूही पोळते.

या पाण्याचा रोगोपचारासाठी वापर फार जुना. बेटावरील नित्रोदी झऱ्यापाशी रोमन काळातील भाविकांनी अर्पण केलेल्या संगमरवरी शिल्पपट्टिका सापडल्या. आज त्या नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. १५८८ मध्ये जुलिओ याझोलिनो या वैद्याने बेटावरील झऱ्यांची आणि कोणता झरा कोणत्या व्याधीवर वापरावा याची नोंद करणारा ग्रंथ छापला. १७ व्या शतकाच्या आरंभी नेपल्समधील एका धर्मादाय संस्थेने कासामिच्चोला गावी गोरगरिबांसाठी स्नानोपचारांचे रुग्णालय उभारले. श्रीमंतांची आलिशान वसती बऱ्याच उशिरा, १९५० च्या दशकात, मिलानचे प्रकाशक व चित्रपटनिर्माते अँजेलो रिझ्झोली यांनी लाक्को आमेनो गावात हॉटेले उभारल्यानंतर बहरली. सांगायचे ते इतकेच की, हे पाणी आधी रुग्णांचे होते आणि ऐषारामाचे नंतर झाले. आपणही ते औषधासारखेच मोजून घ्यावे.

छायाचित्रात न दिसणारे घर

जाहिरातीतील छायाचित्रे समुद्र दाखवतात. पायऱ्या दाखवत नाहीत. 'समुद्रापासून ३०० मीटर' असे लिहिलेले असते, पण ते अंतर सपाट आहे की उतरणीचे, हे लिहिलेले नसते. इस्कियासारख्या डोंगराळ बेटावर ३०० मीटर म्हणजे कधी दीडशे पायऱ्याही असू शकतात. म्हणून मालकाला पहिला प्रश्न समुद्राचा विचारू नये. मोटार जेथे थांबते तेथून पलंगापर्यंत किती पायऱ्या, हे विचारावे. दुसरा प्रश्न पलंगापासून शौचालयापर्यंतचा, आणि तिसरा स्वयंपाकघरापासून तलावापर्यंतचा. उत्तर आकड्यात मागावे. 'थोड्याशा आहेत' हे उत्तर धरू नये. शक्य असल्यास मालकाला मोबाईल हातात धरून दारापासून तलावापर्यंत चालत जायला सांगावे व ते चित्रीकरण मागवावे. दोन मिनिटांच्या त्या चित्रफितीतून चाळीस छायाचित्रांपेक्षा अधिक समजते.

स्नानगृहाकडे नीट पाहावे. त्या भागातील घरांत चकचकीत, रंगीत लादीची फरशी फार सुंदर दिसते. ओली झाली की ती तितकीच निसरडी होते. गुडघेदुखीच्या रुग्णाला नक्षीदार बाथटबमध्ये पाय उचलून शिरणे हे जिना चढण्याहून अवघड असते. सपाट जमिनीवरचा शॉवर, हातात धरता येणारा फवारा, बसायला पक्के स्टूल आणि भिंतीला आधाराची दांडी, एवढे असेल तर ते स्नानगृह खरे आलिशान. कमोडची बैठक फार खाली नसावी. वृद्धांची खोली तळमजल्यावर आणि शौचालय तिला लागून असावे. रात्री दोन वाजता, अनोळखी घरात, अंधारात बाहेर पडावे लागणे हे पडण्याचे आणि खुब्याचे हाड मोडण्याचे नेहमीचे कारण आहे. प्लगमध्ये बसणारे दोन छोटे रात्रदिवे आणि तिकडच्या प्लगला जुळणारे अडॅप्टर घरूनच न्यावेत.

खासगी तलावाबद्दल चार गोष्टी विचाराव्यात. पाण्यात उतरायला कठड्यासह रुंद पायऱ्या आहेत की नुसती उभी लोखंडी शिडी? उभ्या शिडीने ७६ वर्षांची व्यक्ती उतरेल, पण वर येणे कठीण. पाण्याचे तापमान किती असते आणि ते कमी करता येते का? पाणी सतत वाहून बदलते की तेच पाणी फिरवले जाते, आणि तसे असल्यास शुद्धीकरण कसे होते? तलावाला कुंपण अथवा आच्छादन आहे का? आजोबांप्रमाणे नातवंडांसाठीही हा प्रश्न महत्त्वाचा.

येथे एक वैद्यकीय बाब सांगतो. कोमट, साचलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जीवाणू वाढतात. त्या पाण्याचे सूक्ष्म तुषार श्वासावाटे आत गेल्यास वृद्धांना, धूम्रपान करणाऱ्यांना आणि फुप्फुसाचा जुना आजार असलेल्यांना गंभीर न्यूमोनिया होऊ शकतो. सुट्टीची घरे कित्येक दिवस बंद असतात आणि नळांत पाणी साचून राहते. म्हणून घरात शिरल्यावर खिडक्या उघडून सर्व नळ आणि शॉवर काही मिनिटे वाहू द्यावेत. हे काम तरुणाने करावे, शॉवरचे तुषार तोंडावर घेऊ नयेत, आणि वृद्धांनी तोवर बाहेर अंगणात बसावे.

कोणते गाव?

बेटाच्या दक्षिण टोकाचे सांत-आंजेलो हे गाव अत्यंत देखणे आहे. तेथे मोटारी गावाच्या वेशीपाशीच थांबतात. पुढे पायी चालावे लागते. तरुण जोडप्यांना हीच त्याची गोडी वाटते. वॉकर घेऊन चालणाऱ्याला मात्र ते गाव दुरूनच पाहावे लागेल. जवळच्या सोर्जेतो खाडीत उकळते झरे थेट समुद्रात मिसळतात आणि दगडांच्या मधोमध कोमट कुंडे तयार होतात. पण तेथे उतरायला दोनशेहून अधिक पायऱ्या आहेत, आणि तितक्याच परत चढायच्या असतात. बाईंसाठी मुलाने निवडलेले पहिले घर याच दक्षिण बाजूच्या कड्यावर होते.

पश्चिमेचे फोरिओ आणि उत्तरेचे लाक्को आमेनो व इस्किया पोर्तो या गावांत त्या मानाने सपाट भाग सापडतो; दुकाने, औषधालये आणि बंदर हाताशी असतात. फोरिओच्या चितारा किनाऱ्यावर पोसायडन उद्यान आहे. तेथील तलावांचे पाणी सुमारे २८ ते ४० अंश सेल्सियस अशा चढत्या तापमानांचे असते आणि तापमान तलावागणिक नेमून दिलेले असते. लाक्को आमेनोजवळ सान मोंतानो खाडीत नेगोंबो हे दुसरे उद्यान आहे. माझे मत विचाराल तर, ज्येष्ठांसह जाणाऱ्यांनी खासगी गरम तलावासाठी अधिक पैसे मोजण्यापेक्षा साधे, सपाट घर घ्यावे आणि दोन-तीन दिवस अशा देखरेखीच्या उद्यानात जावे. तेथे तापमान ठाऊक असते, कर्मचारी असतात आणि काही झाले तर हाकेला ओ देणारे कोणी असते.

कासामिच्चोला हे गरम पाण्यासाठी सर्वांत प्रसिद्ध असलेले गाव. त्याचा इतिहास मात्र दुःखाचा आहे. २८ जुलै १८८३ च्या भूकंपात तेथे दोन हजारांहून अधिक माणसे दगावली; तरुण बेनेदेत्तो क्रोचे, पुढे इटलीचे थोर तत्त्वज्ञ झाले, त्यांनी आपले आईवडील आणि बहीण त्याच रात्री गमावली. ऑगस्ट २०१७ मध्ये पुन्हा भूकंप झाला. २६ नोव्हेंबर २०२२ रोजी मुसळधार पावसानंतर डोंगरावरून आलेल्या चिखलाच्या लोंढ्यात १२ जणांचा बळी गेला. हे मी घाबरवण्यासाठी सांगत नाही. घर डोंगराच्या ओघळीखाली नसावे, बाहेर पडण्याचा मार्ग वृद्धांना जमेल असा असावा आणि शरद ऋतूच्या अखेरच्या वादळी पावसात तिकडे जाऊ नये, एवढाच बोध घ्यावा. मे, जूनचा पूर्वार्ध आणि सप्टेंबर हे महिने उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये उकाडा आणि गर्दी दोन्ही फार.

बेटावर फिरण्यासाठी टॅक्सीबरोबर तीनचाकी छोट्या टॅक्सीही मिळतात. आपल्या बारामतीच्या कारखान्यात तयार होणाऱ्या 'आपे' रिक्षेच्याच कुळातील ही वाहने. बसगाड्या आहेत, पण उन्हाळ्यात त्यांत उभे राहायलाही जागा नसते.

पाण्याची मात्रा

गरम पाण्यात बसल्यावर त्वचेखालील रक्तवाहिन्या रुंदावतात, स्नायू सैल होतात, सांध्यांवरचा भार पाणी उचलून धरते. गुडघ्यांच्या झिजेवर स्नानोपचारांचा अभ्यास झालेला आहे. अनेक रुग्णांच्या वेदना आणि ताठरपणा काही आठवडे, कधी काही महिने कमी राहतो. झिजलेली कूर्चा मात्र त्याने परत येत नाही. चालू असलेली औषधे बंद करण्याचे कारण तर मुळीच नाही.

याच क्रियेची दुसरी बाजूही पाहावी. रुंदावलेल्या रक्तवाहिन्यांमुळे रक्तदाब उतरतो. गळ्यापर्यंत पाण्यात बसले की पाण्याच्या दाबाने पायांतील आणि पोटातील रक्त छातीकडे ढकलले जाते. दुबळ्या हृदयाला हा भार जड जातो. मग आपण एकदम उभे राहून बाहेर येतो. दाब नाहीसा होतो, रक्त पायांकडे धावते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्तदाबाच्या गोळ्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, आणि प्रोस्टेटसाठी दिली जाणारी टॅमसुलोसिनसारखी औषधे घेणाऱ्यांत हे हमखास घडते.

म्हणून मी बाईंना आणि अण्णांना कागदावर मात्रा लिहून दिली. प्रवासानंतर पहिला दिवस पाण्यात जायचे नाही. दुसऱ्या दिवशी ३६ अंशांपर्यंतच्या पाण्यात, फक्त छातीपर्यंत, दहा मिनिटे. सोसल्यास पुढे पंधरा. त्याहून अधिक नाही. ३८ अंशांपुढच्या तलावात उतरायचे नाही. लहान बाळाच्या अंघोळीचे पाणी मोजण्याचा तापमापक सोबत न्यावा; हाताच्या अंदाजावर विसंबू नये. उपाशीपोटी नाही, भरल्यापोटी नाही, मद्यानंतर कधीच नाही. एकट्याने नाही. बाहेर येताना पायरीवर दोन मिनिटे बसायचे, मग कठडा धरून उठायचे. काठावर खुर्ची आणि पाण्याचा पेला आधीच ठेवायचा.

चौथ्या दिवशी अण्णा नातवाशी गप्पांत रमून पंचवीस मिनिटे पाण्यात बसले आणि उठताना त्यांचा तोल गेला. कठडा हाताशी होता, खुर्ची काठावर होती. पाय उंचावर ठेवून, पाणी पिऊन दहा मिनिटांत ते सावरले. उभ्या शिडीच्या तलावात हेच घडले असते तर हा लेख मी निराळ्या सुरात लिहिला असता.

ज्यांना अलीकडे हृदयविकाराचा झटका आला आहे, ज्यांच्या छातीत थोड्या श्रमाने दुखते, ज्यांचे हृदय निकामी होऊन सूज किंवा धाप आहे, ज्यांचा रक्तदाब ताब्यात नाही, ज्यांना ताप, उघडी जखम अथवा पायात रक्ताची गुठळी आहे, त्यांनी गरम पाण्यात उतरूच नये. फिट्सचा विकार असणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज जाऊ नये. वेदनाशामक पट्टी त्वचेवर लावलेली असेल तर उष्णतेने तिच्यातील औषध जलद शोषले जाते. इन्सुलिनचेही तसेच, टोचल्यानंतर लगेच गरम पाण्यात गेल्यास साखर एकाएकी उतरू शकते.

मधुमेहींना आणखी एक कळकळीची सूचना. निघण्यापूर्वी पायांची संवेदना तपासून घ्या. बाईंना बारा वर्षांचा मधुमेह. मी तपासले तेव्हा दोन्ही तळव्यांना स्पर्श नीट कळत नव्हता, आणि त्यांना त्याची कल्पनाही नव्हती. इस्कियाच्या मारोंती किनाऱ्यावर वाळूतून वाफ निघते. लोक तेथे अंडी आणि बटाटे पुरून शिजवतात. अशा वाळूवर बधिर पाय पडला तर चटका कळत नाही, फोड दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो, आणि ती जखम महिनोन् महिने भरत नाही. बाईंनी आठवडाभर रबरी तळव्याचे बंद बूट वाळूवर तर काढले नाहीतच, पाण्यातही काढले नाहीत. रात्री मुलगी त्यांचे तळवे पाहत असे.

औषधे, रुग्णालय आणि समुद्र

बेटावर लाक्को आमेनोला आन्ना रिझ्झोली रुग्णालय आहे. गंभीर रुग्णाला हेलिकॉप्टरने नेपल्सकडे हलवले जाते. घर ठरवताना तेथपर्यंत मोटारीने किती वेळ लागतो आणि रुग्णवाहिका दारापर्यंत येते का, हे विचारावे. ज्या घराच्या दाराशी मोटार पोहोचत नाही, तेथे स्ट्रेचरही सहज पोहोचत नाही. मदतीसाठी ११२ हा क्रमांक सर्व युरोपात चालतो. तो आणि घराचा संपूर्ण पत्ता इटालियनमध्ये लिहून फ्रीजवर चिकटवावा.

नेपल्सहून बेटावर दोन प्रकारच्या बोटी जातात. जलद बोट सुमारे तासाभरात पोहोचवते, पण समुद्र खवळला की तीच आधी रद्द होते आणि हेलकावेही तिलाच अधिक बसतात. मोटारी नेणारी मोठी फेरीबोट सुमारे दीड तास घेते. चाकांची खुर्ची, सामान आणि वृद्ध यांच्यासाठी तीच बरी. परतीचे विमान बोटीच्या वेळेला चिकटून ठेवू नये. एक रात्र नेपल्समध्ये काढावी. बाई-अण्णा मुंबईहून आधी मुलाकडे गेले, चार दिवस विसावले आणि मगच नेपल्सला निघाले.

औषधे मुक्कामाच्या दिवसांहून आठवडाभर अधिक, मूळ वेष्टणात आणि हातातल्या बॅगेत ठेवावीत. त्यांची मूळ रासायनिक नावे असलेली इंग्रजी चिठ्ठी डॉक्टरांकडून घ्यावी, कारण आपल्याकडची व्यापारी नावे तेथे कोणी ओळखत नाही. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. पण आधीपासूनच्या आजारांचा खर्च त्यात धरला आहे की नाही, हे व्हिसा देणारे पाहत नाहीत. ते आपणच पाहायचे. अण्णांची अँजिओप्लास्टी विम्याच्या अर्जात स्पष्ट लिहायला लावली, तेव्हा हप्ता वाढला. तो वाढू द्यावा.

सोबत करणाऱ्याची सुट्टी

घरात एक व्यक्ती अशी असते जिला सुट्टीतही सुट्टी नसते. बहुधा ती मुलगी असते किंवा सून. घर निवडताना तिला विचारावे, कारण स्टूल, दांडी, पायरी यांचा हिशेब तिच्याच अंगवळणी पडलेला असतो. निघण्यापूर्वीच ठरवावे की, आठवड्यातील दोन दिवस तिचे स्वतःचे. त्या दिवशी आईबाबांजवळ मुलगा किंवा जावई राहील. घर वृद्धांना एकट्याने वावरता येईल असे असेल, तर हा करार पाळणेही सोपे जाते.

घर पक्के करण्यापूर्वी विचारा

१. मोटारीपासून पलंगापर्यंत, आणि पलंगापासून तलावापर्यंत पायऱ्या किती?
२. तळमजल्यावर शौचालयासह खोली आहे का?
३. शॉवर सपाट जमिनीवर आहे का? आधाराची दांडी, स्टूल मिळेल का?
४. तलावात उतरण्याची सोय कशी? तापमान किती? पाणी कसे शुद्ध होते?
५. रुग्णवाहिका दारापर्यंत येते का? रुग्णालय किती मिनिटांवर?
६. औषधालय आणि किराणा दुकान सपाट रस्त्याने पायी गाठता येते का?
७. प्रकृतीमुळे येणे रद्द झाल्यास किती पैसे परत मिळतील?

त्या मार्चच्या सायंकाळी मी चिठ्ठीऐवजी हेच प्रश्न लिहून बाईंच्या हाती दिले आणि मुलाशी दूरध्वनीवर बोललो. तो क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "डॉक्टर, जिना माझ्या लक्षातच आला नाही. आईने एका शब्दाने सांगितले नाही." आठवड्याने त्याने फोरिओतील दुसरे घर धरले. एकमजली, अंगणात द्राक्षाचा मांडव, खाली उतरायला एकही पायरी नाही. घराला तलाव नव्हता आणि घरातून समुद्र दिसत नव्हता.

परतल्यावर बाई भेटायला आल्या, या वेळी अण्णांसह. गुडघ्यांना आराम पडला का, असे मी विचारले. "पडला थोडा," त्या म्हणाल्या. मग पाण्याविषयी, समुद्राविषयी काही न बोलता त्यांनी मला सांगितले, "रोज पहाटे मी उठायची. कोणाला उठवायचे नाही, कोणाचा हात धरायचा नाही. आठ जणांचा चहा मीच करायची."